अस्तराचा रंग

अंगठा दाबला आणि आत बोटच नव्हतं.

चौतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. गिऱ्हाइकाच्या पायात बूट चढवायचा, नाडी बांधायची, मग उजव्या हाताचा अंगठा बुटाच्या टोकावर टेकवून हलकेच दाबायचा. आतलं बोट कुठं संपतं ते त्या अंगठ्याला कळायचं. डोळ्यांनी बघायची गरज नव्हती, आणि त्याला बघायचंही नसायचं. आज मात्र चामडं खाली गेलं, त्याच्या मागोमाग अंगठा खाली गेला, आणि जातच राहिला. आत काहीतरी मऊ होतं, दमट उशीसारखं.  आतून कुणी आपलं बोट चोखलं असावं तसा त्याने हात झटकन मागे घेतला, आणि विजारीला पुसला.

"घाबरलात ना?" खुर्चीतल्या बाई म्हणाल्या. "कापूस भरलाय मोज्यात. चवड्यापासून पुढचं सगळं काढलं. तुम्हाला आधी सांगणारच होते, पण तुम्ही खाली बसलात आणि बूट चढवूनसुद्धा मोकळे झालात. पाय बघितला नाहीत का हो?"

नव्हता बघितला. काठी टेकत आत येताना त्याने बाईंना पाहिलं होतं आणि मनात म्हटलं होतं, साडेपाच, उजवा डाव्यापेक्षा गव्हाभर लांब. तोंड त्याच्या लक्षात राहत नसे, नंबर राहायचा. दुकानातले सगळे, मालकसुद्धा, त्याला नंबरकाका म्हणायचे. रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाचा नंबर तो काचेआडून सांगायचा आणि मालक नव्या गिऱ्हाइकासमोर त्याचा खेळ लावायचे. पण नंबर सांगणं वेगळं आणि पाय बघणं वेगळं. पाय त्याला बघवत नसत. चौतीस वर्षं लोकांच्या पायांशी गुडघे टेकून बसलेल्या माणसाला पायांची शिसारी असावी, हे कुणाला सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं, म्हणून त्याने सांगितलं नव्हतं. घामाने ओले झालेले मोजे, बोटांच्या बेचक्यांतली पांढरी फुगलेली कातडी, शिंगासारखी पिवळी नखं, टाचेच्या भेगांत बसलेली काळी रेघ, आणि तो वास, आंबलेला, कोमट. जेवायच्या सुट्टीत तो तीन वेळा साबणाने हात धुवायचा, तरी घास तोंडाशी नेताना श्वास रोखून धरायचा. सुरुवातीच्या वर्षांत त्याने एक युक्ती शोधली होती. नजर पायावर ठेवायची, पण पाहायचं बुटाकडे. हळूहळू पाय दिसेनासेच झाले. नुसती मापं उरली.

"आता सांगा बघू उजव्याचा नंबर," बाई हसत म्हणाल्या. "साडेतीन? तीन? की वहाणेत टाकायच्या सुकतळ्याएवढा?"

त्याला ते हसणं आवडलं नाही. माणसाने अर्ध्या पायावर हसू नये. हसायचंच तर आपल्या घरी हसावं. पण हसू आणायला हवं होतं, म्हणून त्याने ओठ ताणले. बाई कुठल्याशा शाळेत चित्रकला शिकवायच्या, आता निवृत्त झाल्या होत्या. हे त्याला आठवलं, कारण मागच्या वेळी त्या बूट निवडताना रंगावरून अर्धा तास बसल्या होत्या. हा तपकिरी नाही, हा विटकरी, असं करत.

"मागच्या खेपेला इथंच बसले होते," त्या म्हणाल्या. "ह्याच खुर्चीवर. मोजा काढला तेव्हा तळव्याला, करंगळीच्या खाली, एक डाग होता. मी विचारलं, काका, हे काय असेल हो? आठवतं?"

"नाही बाई. रोज इतके लोक येतात."

"तुम्ही म्हणालात, अस्तराचा रंग आहे."

 म्हणाला असणार. त्यात शंकाच नव्हती. तो सगळ्यांनाच म्हणायचा.

हे वाक्य त्याचं नव्हतं. तो नवा लागला तेव्हा दुकानात एक म्हातारे विक्रेते होते, दाताला सोन्याची कड असलेले. त्यांनी पहिल्या आठवड्यातच त्याला कोपऱ्यात घेऊन शिकवलं होतं. "हे बघ, माणूस चारचौघांत पाय उघडा करतो तेव्हा लाजतो. लाजला की बूट न घेताच उठतो. म्हणून पायावर काही दिसलं, डाग, चट्टा, काहीही, तर आपण आधी बोलायचं. अस्तराचा रंग आहे, म्हणायचं. घामाने उतरतो, हलक्या मालाचं अस्तर असतं, दोष बुटाचा, तुमचा नाही. मग माणूस खूश. आणि लगेच सांगायचं, आमच्या मालाचं अस्तर पक्कं." म्हाताऱ्यांचा हात पाठीवर पडला होता. धंद्यातली ही खरी माणुसकी, असं ते म्हणाले होते. आणि दहांतल्या नऊ वेळा ते खरंच असायचं, काळ्या अस्तराचा रंग उतरतोच. पण त्याला ती माणुसकी वेगळ्याच कारणासाठी आवडली होती. ते वाक्य म्हटलं की पुढे बघायला लागत नसे. वाक्य म्हणजे एक झाकण होतं. ठेवलं की आतलं दिसत नाही, वासही येत नाही.

"तुमच्यावर काही खापर फोडत नाही हो," बाई म्हणाल्या. "चूक माझीच. चाळीस वर्षं मुलांना रंग शिकवले मी. नुसता काळा नव्हता तो. एका बाजूला तपकिरी होता, मध्ये काळा आणि एका कडेला चक्क निळसर. कडसुद्धा सरळ नव्हती, पाण्यावर शाई सांडल्यासारखी. अस्तर काय तीन रंगांचं असतं? पण मी म्हटलं, बूटवाल्याला जास्त कळतं. सात महिने वजरीने घासत होते. मग एक दिवस मोज्याला रक्त लागलं." त्या थांबल्या. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सात महिने आधी आला असतात तर नाण्याएवढी कातडी काढून भागलं असतं. आता बघा. जांघेतल्या गाठीसुद्धा काढल्या."

जांघेतल्या. तो शब्द त्याच्या कानात पडला आणि तिथंच अडकला, पायात मोडलेल्या काट्यासारखा.

"आणि गंमत ऐका," बाई सांगतच होत्या. त्यांना सांगायचंच होतं, आणि तो गुडघ्यांवर बसलेला असल्यामुळे त्याला ऐकायचंच होतं. "जन्मभर उन्हाला भीत आले मी. मुलांना घेऊन बाहेर चित्रं काढायला जायचे तर डोक्यावर टोपी, हातात छत्री, तोंडाला मलम. इतर बाया हसायच्या. म्हणायच्या, आपल्या सावळ्या कातडीला काय होतंय? मी म्हणायचे, होतं, पुस्तकात लिहिलंय. आणि झालं कुठं? जिथं ऊन कधी पोचलंच नाही तिथं. सावळ्या माणसांना म्हणे हा कातडीचा कॅन्सर तळव्याला, तळहाताला, नखाखाली होतो. म्हणजे मी दिवसभर आरशात बघत होते, पण चुकीच्या टोकाकडे."

"मी दुसरा नमुना आणतो," तो म्हणाला आणि उठला. गुडघे कटकन वाजले.

माल वरच्या माळ्यावर असायचा. लाकडी जिना, मग छताला टेकणारी खोक्यांची रास, डिंकाचा आणि नव्या चामड्याचा वास. एरवी त्या वासाने त्याला बरं वाटायचं. बुटांत अजून पाय गेलेले नसतात, म्हणून ते स्वच्छ असतात. आज तो वासही नाकाला चिकटला. तो दोन खोक्यांवर बसला आणि अंगठा विजारीला पुन्हा पुसला. पुन्हा पुसला. कापसाचा तो मऊपणा जाईना. त्याला वाटलं, तो मऊपणा कापसाचा नाहीच, जुना आहे, ह्या अंगठ्याने तो फार पूर्वी एकदा दाबलेला आहे.

वडील टपाल वाटायचे. दिवसभर पायी. संध्याकाळी ते बाजेवर पाय लोंबकळत सोडून बसायचे आणि आई गरम पाण्याचं घमेलं त्याच्यापुढे सरकवायची. तो अकरा वर्षांचा होता. घरात हे काम त्याचं होतं, कारण धाकट्याला काम सांगायचं ते रीतीनुसार हलकंच. वडिलांचा पाय मांडीवर घ्यायचा आणि वजरीने टाच घासायची. टाच म्हणजे वाळलेल्या चिखलाचं शेत. पाण्यात पापुद्रे तरंगायचे, आणि ते पाहून त्याला रात्रीचं जेवण जायचं नाही. मग तो डोळे मिटून घासायला लागला. उजव्या टाचेच्या आतल्या अंगाला एक जागा होती, तिथं वजरी लागली की वडील पाय आखडायचे. अंगठ्याला कळायची ती मऊ जागा. बाकीची टाच दगड आणि तेवढंच मऊ. आई म्हणायची, खिळा लागलाय जुना, काळं पडलंय. शेजारचे म्हणायचे, चालणाऱ्याच्या पायाला घट्टा असायचाच. तो काही म्हणायचा नाही, कारण त्याने ती जागा कधी पाहिलीच नव्हती. एकदा वडील हसून म्हणाले होते, "डोळे मिटून काय घासतोस रे? जपजाप्य करतोयस? बघून घास की." त्याने डोळे आणखी घट्ट मिटले होते. दोन वर्षांनी वडिलांच्या जांघेत गाठ आली. चालून चालून आली, असं सगळे म्हणाले. अंड्याएवढी झाली. मग ते टपाल वाटेनासे झाले, मग बाजेवरून उठेनासे झाले, मग गेले. टाचेची आणि गाठीची सांगड कुणी घातली नाही. एक खाली, एक वर, मध्ये सबंध पाय. आज शाळेतल्या एका बाईने दोन वाक्यांत ती घातली होती, आणि तीही हसत.

त्याला वडिलांची दया यायला हवी होती. आली नाही. त्याला आली ती किळस, आणि ती वडिलांच्या टाचेची नव्हती. मिटलेल्या डोळ्यांच्या त्या अकरा वर्षांच्या पोराची होती, ज्याच्या तोंडावर आज्ञाधारकपणा होता आणि ज्याच्या अंगठ्याला सगळं कळत होतं.

आणि तिच्या मागोमाग दुसरी गोष्ट वर आली. ती त्याने इतकी खाली दाबून ठेवली होती की वर येताना तिला वास होता. गेल्या वर्षीची दुपार. सुट्टीचा दिवस. तो पलंगावर पालथा पडला होता आणि बायको पायथ्याशी बसून नखं कापत होती. "अहो," ती म्हणाली होती, "तुमच्या टाचेला हे काय काळं लागलंय?" त्याने उशीतून तोंड न काढता सांगितलं होतं, "अस्तराचा रंग." "जरा उजेडात धरा बघू." त्याने पाय चादरीत ओढून घेतला होता. "काय गोगलगायीसारखं करता!" असं म्हणून ती हसली होती आणि पुन्हा नखांना लागली होती. तेव्हापासून, आता त्याला कबूल करावं लागत होतं, तो आंघोळीत पायाला हात लावत नव्हता. एक पाय दुसऱ्यावर घासायचा, वरून पाणी सोडायचं, संपलं. मोजे तो अंधारात असल्यासारखा चढवायचा, समोरच्या भिंतीकडे पाहत. आपल्या पायाखाली काय जळतंय ते बघावं, असं लोक म्हणतात. तो जन्मभर दुसऱ्यांच्या पायाखाली बसला होता आणि स्वतःच्या पायाखाली काय आहे ते त्याला ठाऊक नव्हतं.

"काका, बूट आणताय की शिवताय?" खालून मालक ओरडले.

त्याने खोकं उचललं. बाईंसाठी त्याने रुंद तोंडाचा, पट्ट्याचा जोड आणला, आत बसवायला फोमचा जाड तुकडा घेतला, आणि खाली येऊन त्यांच्यापुढे गुडघे टेकले. मग त्याने मोजा काढला. बाईंनी सांगितलं नव्हतं, आणि लागतही नव्हतं. पाय चवड्यापाशी एकदम संपत होता. कातडी खालून वर घेऊन शिवली होती, पिशवीचं तोंड शिवतात तशी, आणि शिवणीच्या कडेने ती चकचकीत, गुलाबी, ताणलेली होती.   त्याने नजर बुटाकडे वळवली नाही, बघत राहिला. मोजपट्टी लावली. फोमवर पेनने रेघ मारली, कापला, बसवून पाहिला, पुन्हा काढून कडेने तासला, पुन्हा बसवला. अर्धा तास लागला. बाई दोनदा उठून चालल्या. तिसऱ्यांदा त्या काठी न टेकता खुर्चीपासून दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

"झकास," त्या म्हणाल्या. "तुमच्या हाताला गुण आहे हो."

"बाई," तो खाली बघून म्हणाला, "डाग रंगाचा आहे की तसला, हे कसं ओळखायचं?"

त्यांनी खाली वाकून त्याच्याकडे पाहिलं. चित्राची वही तपासताना बघत असतील तसं.

"रंग असेल तर धुवून जातो," त्या म्हणाल्या. "आज नाही तर आठ दिवसांनी. जो जात नाही, वाढतो, कड वेडीवाकडी, रंग एकापेक्षा जास्त, तो दाखवायचा. आपण ठरवायचं नाही. तुम्ही नाही, मी नाही. सरकारी इस्पितळात तळमजल्यावर कातडीचा विभाग आहे, सात नंबरची खिडकी. संध्याकाळी पाचपर्यंत उघडी असते. नंबर तुमच्या लक्षात राहीलच." मग हळूच म्हणाल्या, "कुणाला विचारताय?"

"गिऱ्हाइकांना सांगायला."

"सांगा, सांगा," बाई म्हणाल्या. त्या जुना जोड पिशवीत घालून निघाल्या. दारात थांबून त्यांनी मागे वळून त्याच्या बुटांकडे पाहिलं. काळे, दुकानातलेच, पक्क्या अस्तराचे. 

दुपारची वेळ होती. काचेबाहेर ऊन रस्त्यावर चिकटलं होतं, गिऱ्हाईक नव्हतं. मालक गल्ल्यामागे वर्तमानपत्र उघडून बसले होते. तो बाईंच्या खुर्चीवर बसला. चौतीस वर्षांत तो त्या खुर्चीवर कधी बसला नव्हता. इथून दुकान वेगळंच दिसत होतं, उंच, आणि समोर जमिनीलगत तो तिरका आरसा, ज्यात फक्त पाय दिसतात.

"काय काका, आज तुम्हीच गिऱ्हाईक?" मालक पानाआडून म्हणाले. "घासाघीस चालणार नाही, आधीच सांगतो."

त्याने उजव्या बुटाची नाडी सोडली. मोजा खाली ओढला. वास आला, तोच, आंबलेला, कोमट. इतकी वर्षं तो दुसऱ्यांचा समजत होता. पाय गुडघ्यावर घेतला, टाच वर केली. काळी होती. सबंध टाच काळपट, सारख्या रंगाची, आणि त्याला हसू फुटलं, कारण हा खरोखरच अस्तराचा रंग होता. पक्कं अस्तर म्हणे! त्याने खुर्चीखालची स्पिरिटची बाटली घेतली, चामड्यावरचे डाग काढायची, कापूस भिजवला आणि चोळला. कापूस काळा झाला. दुसरा बोळा काळा झाला. तिसरा करडा. टाच खालून वर येत होती, फिकट, भेगाळलेली, म्हाताऱ्या माणसाची. वडिलांची. चौथा बोळा जवळजवळ पांढरा निघाला आणि त्याने श्वास सोडला.

आतल्या अंगाला एक डाग राहिला होता.

त्याने पाचवा बोळा घेतला. सहावा. जोरात चोळलं, कातडी लाल झाली, डाग तसाच. त्याचे डोळे आपोआप मिटले. मिटल्यावर किती बरं वाटलं! मोजा हाताशीच होता. वर ओढायचा, नाडी बांधायची, आणि वाक्य जिभेवर तयार होतं, तीन शब्दांचं, गुळगुळीत, चौतीस वर्षं चोखलेल्या गोळीसारखं. त्या गोळीची चव तोंडभर पसरली आणि त्याला खरोखरची ओकारी आली. तो तोंडावर हात धरून वाकला. हाताला स्पिरिटचा आणि टाचेचा वास होता.

"काका? बरं नाही का?" मालकांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

त्याने हाताने थांबा अशी खूण केली आणि खिशातून फोन काढला. पलीकडे शिवणयंत्राचा आवाज येत होता. बायको लोकांचे कपडे शिवायची.

"बोला. ह्या वेळी कसा फोन?"

"तू गेल्या वर्षी म्हणाली होतीस. माझ्या टाचेला काळं आहे म्हणून."

"मग? रंग होता ना अस्तराचा?"

"रंग निघाला," तो म्हणाला. "खाली आहे अजून."

यंत्र थांबलं. 

"तुम्ही तिथंच थांबा," ती म्हणाली. "मी येते. इस्पितळात जाऊ, आत्ताच. अहो, ऐकताय ना? किती मोठं आहे?"

नंबर त्याच्या तोंडाशी आला. नेहमीसारखा, न बघता. मालक गल्ल्यामागून उठून पुढे आले होते आणि काय करावं ते न कळून मोजपट्टी हातात घेऊन उभे होते. त्याने हात पुढे करून ती मागून घेतली, फोन खांद्यात धरला, आणि टाच तिरक्या आरशासमोर उजेडात आणली.

"थांब," तो म्हणाला. "बघून सांगतो."